एंटरप्राइज वेब प्रोग्रॅमिंगचे पहिले व्याख्यान : एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानाच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘एंटरप्राइज वेब ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग’ हा विषय बहुधा अखेरच्या टप्प्यावर येतो. त्याचे नाव सर्वत्र एकच असते असे नाही. कोठे तो ‘ॲडव्हान्स्ड जावा’ म्हणून शिकविला जातो, कोठे ‘एंटरप्राइज जावा’ म्हणून. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटी अभ्यासक्रमात तो दुसऱ्या नावाने आलेला आहे. या विषयाकडे येणारा विद्यार्थी प्रोग्रॅमिंगची एक-दोन भाषा, डेटाबेसची मूलतत्त्वे आणि एचटीएमएल शिकून आलेला असतो. आपल्याला प्रोग्रॅम लिहिता येतो असा त्याचा समज असतो आणि तो बव्हंशी खराही असतो. मग या विषयाने त्याला नवीन काय द्यावयाचे आहे? या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन-तीन तासिकांत मिळाले नाही तर उरलेले सत्र पाठांतरात जाते.

प्रस्तुत लेखात या विषयाच्या प्रारंभिक अध्यापनाची चिकित्सा केली आहे. विषयाचा परिचय तंत्रज्ञानांच्या नामावलीने करून देण्याची रूढ पद्धत, नमुना ॲप्लिकेशनच्या साहाय्याने परिचय करून देण्याची पद्धत आणि प्रश्नापासून आरंभ करण्याची पद्धत अशा तीन पद्धतींची येथे तुलना केली असून, तिसरी पद्धत अधिक टिकाऊ का ठरते हे जावा एंटरप्राइज तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

‘एंटरप्राइज’ या संज्ञेची व्याप्ती

अनेक वर्गांत ‘एंटरप्राइज म्हणजे मोठी कंपनी आणि एंटरप्राइज ॲप्लिकेशन म्हणजे मोठ्या कंपनीचे ॲप्लिकेशन’ अशी व्याख्या सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. ही व्याख्या चुकीची नसली तरी निरुपयोगी आहे. कारण आकार हे या प्रकारच्या ॲप्लिकेशनचे कारण नसून अनेक लक्षणांपैकी एक लक्षण आहे. मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइज ॲप्लिकेशन आर्किटेक्चर’ या ग्रंथात या संज्ञेची फोड वेगळ्या रीतीने केली आहे. वर्षानुवर्षे टिकवून ठेवावी लागणारी माहिती, तिचे मोठे प्रमाण, एकाच वेळी तिच्यापर्यंत पोहोचणारे अनेक वापरकर्ते, निरनिराळ्या कामांसाठी लागणारे अनेक पडदे आणि अन्य प्रणालींशी जोडून घेण्याची गरज, अशी लक्षणे ते सांगतात. व्यवसायाचे नियम तर्काला धरून असतीलच असे नाही, याकडेही ते लक्ष वेधतात.

या यादीत कोणत्याही भाषेचे, उत्पादनाचे वा कंपनीचे नाव नाही, ही गोष्ट अध्यापकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या कसोटीने पाहता चारशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाची प्रवेशप्रणालीसुद्धा एंटरप्राइज ॲप्लिकेशन ठरते. तिच्यातील नोंदी विद्यार्थी बाहेर पडल्यावरही जपाव्या लागतात, प्रवेशाच्या दिवशी अनेक जण एकाच वेळी अर्ज भरतात, शुल्कासाठी बँकेशी आणि नोंदणीसाठी विद्यापीठाशी व्यवहार करावा लागतो, आणि आरक्षणाचे व सवलतींचे नियम दरवर्षी बदलतात. म्हणजेच विषयाचे उदाहरण वर्गाच्या दारातच उपलब्ध असते. असे असूनही पहिल्या तासाला फळ्यावर येते ते दुसरेच काही.

नामावलीची परंपरा

सन मायक्रोसिस्टिम्सने जावा सर्व्लेटचे तंत्र १९९७ मध्ये आणि एंटरप्राइज जावाबीन्सची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये पुढे आणली. डिसेंबर १९९९ मध्ये या सर्वांना एकत्र गुंफणारी ‘जे२ईई १.२’ ही आवृत्ती आली. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडील अभ्यासक्रमांत हा विषय रुजला तो याच स्वरूपात. साहजिकच पहिल्या प्रकरणाचा साचा ठरून गेला: स्तरांची एक आकृती, त्यातील कंटेनरची चौकट आणि त्याखाली जेडीबीसी, जेएनडीआय, जेएमएस, जेटीए, आरएमआय अशा आद्याक्षरांची ओळ. विद्यार्थी ही ओळ वहीत उतरवून घेतात, प्रत्येकाचे पूर्ण रूप पाठ करतात आणि परीक्षेत गुण मिळवितात.

या पद्धतीचा दोष तिच्या कंटाळवाणेपणात नाही, तिच्या अल्पायुषीपणात आहे. ‘एंटिटी बीन’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डेटाबेसमधील एका साध्या कोष्टकासाठी होम इंटरफेस, रिमोट अथवा लोकल इंटरफेस, बीनचा वर्ग आणि एक्सएमएलमधील डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टर एवढा पसारा त्या काळी मांडावा लागे. अनेक वर्गांत सत्राचा मोठा भाग हा पसारा समजून घेण्यातच खर्ची पडे. २००२ मध्ये रॉड जॉन्सन यांनी आपल्या ग्रंथात या गुंतागुंतीवर टीका केली. त्या ग्रंथासोबतच्या प्रोग्रॅममधून ‘स्प्रिंग’ ही चौकट विकसित झाली आणि मार्च २००४ मध्ये तिची १.० ही आवृत्ती आली. पुढे २००६ च्या ‘जावा ईई ५’ने डेटाबेसशी जोडणीची पद्धतच बदलून सोपी केली आणि २०१३ च्या ‘जावा ईई ७’मध्ये जुने एंटिटी बीन ऐच्छिक ठरले. दरम्यान २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. २०१७ मध्ये ओरॅकलने हे तंत्रज्ञान एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे ठरविले, २०१८ मध्ये त्याला ‘जकार्ता ईई’ हे नाव मिळाले आणि २०२० च्या ‘जकार्ता ईई ९’मध्ये ‘जावाएक्स’ने सुरू होणारी त्याची पॅकेज-नावे ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. परिणामी जुन्या पाठ्यपुस्तकातील सर्व्लेटचा पहिलाच प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर जसाच्या तसा चालत नाही.

या इतिहासाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावयास हवे. थिओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये ट्रँझॅक्शनच्या चार गुणधर्मांना ‘ॲसिड’ हे नाव दिले. ते गुणधर्म आजही शिकवावे लागतात. नेटवर्कविषयीच्या भाबड्या समजुतींची यादी सन कंपनीतील पीटर डॉइच यांच्या नावाने १९९४ पासून प्रसिद्ध आहे. नेटवर्क कधी बंद पडत नाही, निरोप पोहोचण्यास वेळ लागत नाही, ही त्यांतील पहिली दोन गृहीतके. तीस वर्षे उलटून गेली तरी नवे प्रोग्रॅमर त्याच समजुतींना बळी पडतात. तात्पर्य, या क्षेत्रात साधने बदलली, अडचणी बदलल्या नाहीत. ज्या विद्यार्थ्याने २००३ मध्ये केवळ एंटिटी बीनची रचना पाठ केली त्याचे ज्ञान तीन-चार वर्षांत जुने झाले. ज्याने दोन व्यवहार एकमेकांवर आदळल्यास काय होते हे समजून घेतले त्याचे ज्ञान अद्याप उपयोगी आहे.

नमुना ॲप्लिकेशनचा धडा

नामावलीला पर्याय म्हणून एखादे तयार ॲप्लिकेशन विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची पद्धत पुढे आली. या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सन कंपनीचे ‘जावा पेट स्टोअर’. पाळीव प्राण्यांची विक्री करणारे हे काल्पनिक दुकान जे२ईईच्या रचनापद्धती दाखविण्यासाठी तयार करण्यात आले होते. मायक्रोसॉफ्टने तेच दुकान डॉटनेटमध्ये लिहून काढले आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये सुमारे एक चतुर्थांश ओळी पुरल्या व तो अधिक वेगाने चालला, असा दावा केला. २००२ मध्ये ‘द मिडलवेअर कंपनी’ने या दोहोंची तुलना करणारा अहवाल प्रसिद्ध केल्यावर मोठा वाद उद्भवला. जावाच्या बाजूने मुख्य उत्तर असे दिले गेले की, पेट स्टोअर हे रचना शिकविण्यासाठी होते, वेगाच्या शर्यतीसाठी नव्हतेच.

या वादात कोण बरोबर होते याचा निर्णय येथे अप्रस्तुत आहे. अध्यापनाच्या दृष्टीने त्यातून मिळणारा बोध मात्र मोलाचा आहे. शक्य तेवढी सर्व तंत्रे एका ठिकाणी दाखविणे हा नमुन्याचा हेतू होता. वाचकांनी मात्र तो ‘असेच लिहावे’ असा आदेश मानला. जेथे एक स्तर पुरेसा होता तेथे चार स्तर उभे राहिले. एकाच यंत्रावर असलेल्या दोन घटकांमध्ये विनाकारण दूरस्थ संवाद घडू लागला. वस्तू शक्यतो निरनिराळ्या यंत्रांवर विखरू नयेत, असा सल्ला फाउलर यांनी त्याच वर्षी आपल्या ग्रंथात द्यावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. नमुना ॲप्लिकेशन उत्तर दाखविते. ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे हे दाखवीत नाही. प्रश्न ठाऊक नसलेला विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर लिहितो.

प्रश्नापासून आरंभ

तिसरी पद्धत अशी की, विद्यार्थ्याला आधीच लिहिता येणारा साधा प्रोग्रॅम घ्यावा आणि अनेक वापरकर्ते आल्यावर तो त्याच्यासमोरच मोडू द्यावा. यासाठी महागडी सामग्री लागत नाही. एक साधा संगणक, त्यावर टॉमकॅट सर्व्हर, एखादा मुक्त डेटाबेस आणि दोन ब्राउझर एवढे पुरेसे आहे. महाविद्यालयाच्या प्रवेशप्रणालीचे उदाहरण घेऊन तीन प्रात्यक्षिके सुचविता येतील.

पहिले प्रात्यक्षिक दुसऱ्याचे गुण दिसण्याचे आहे. विद्यार्थ्याचा आसन क्रमांक सर्व्लेटच्या वर्गातील चलात साठवावा, गुण शोधण्यापूर्वी प्रोग्रॅमला मुद्दाम पाच सेकंद थांबवावे आणि दोन ब्राउझरमधून एकापाठोपाठ दोन क्रमांक पाठवावेत. पहिल्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या विद्यार्थ्याचे गुण उमटतात. कारण उघड आहे. कंटेनर सामान्यतः सर्व्लेटची एकच प्रत निर्माण करतो आणि सर्व विनंत्या निरनिराळ्या थ्रेडमधून त्याच प्रतीकडे पाठवितो. एका वापरकर्त्यासाठी अचूक असलेला प्रोग्रॅम दोघांसाठी धोकादायक होऊ शकतो, हे येथे डोळ्यांनी दिसते. येथूनच पुढील विवेचन सुरू करता येते. एचटीटीपी प्रत्येक विनंती स्वतंत्र मानते, मागच्या विनंतीची आठवण ठेवीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकीची कल्पना मांडली. सेशन हा शब्द विद्यार्थ्याला व्याख्येतून न भेटता गरजेतून भेटतो.

दुसरे प्रात्यक्षिक शेवटच्या जागेचे. एका तुकडीत एकच जागा शिल्लक आहे. दोन अर्जदारांच्या विनंत्या एकाच क्षणी येतात, दोन्ही थ्रेड ‘१’ हा आकडा वाचतात, दोन्ही त्यातून एक वजा करतात आणि दोन्ही ‘०’ लिहितात. डेटाबेस समाधानी, पण एका जागेवर दोन प्रवेश झालेले. रेल्वेचे तत्काळ आरक्षण खुले होताच आंतरजालावर उडणारी झुंबड ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य सांगावे लागत नाही. २००२ मध्ये आयआरसीटीसीने आंतरजालावरून तिकीटविक्री सुरू केली तेव्हापासून सामान्य भारतीय नागरिक या प्रकारच्या प्रणालीचा वापरकर्ता झाला आहे.

यावर विद्यार्थी दोन उत्तरे हमखास देतात. दोन्ही तपासून पाहण्याजोगी आहेत. जावा शिकलेला विद्यार्थी ‘सिंक्रोनाइज्ड’ हा शब्द सुचवितो. एका सर्व्हरवर तो उपाय चालतो. मात्र भार वाढल्यामुळे दुसरा सर्व्हर जोडला की चालत नाही, कारण ते कुलूप एकाच जावा यंत्रापुरते असते. डेटाबेस शिकलेला विद्यार्थी ‘ट्रँझॅक्शन वापरावा’ असे म्हणतो. तेही पुरेसे नाही. पोस्टग्रेस आणि ओरॅकल यांच्या पूर्वनिश्चित विलगता पातळीवर, तसेच मायएसक्यूएलच्या साध्या वाचनातही, ‘आधी वाचा, मग प्रोग्रॅममध्ये गणित करा, मग लिहा’ अशा क्रमात एक नोंद दुसरीला गिळू शकते. त्यासाठी वाचतानाच त्या ओळीला कुलूप लावावे लागते, किंवा ओळीत आवृत्ती क्रमांक ठेवून ‘आवृत्ती अद्याप तीच असेल तरच बदल करा’ अशी अट घालावी लागते. बदललेल्या ओळींची संख्या शून्य आली तर मध्यंतरी कोणीतरी पुढे गेले, हे प्रोग्रॅमला कळते. मग पुढचा प्रश्न येतो: मागे राहिलेल्या अर्जदाराला काय सांगावयाचे? हा प्रश्न तांत्रिक नाही, आणि म्हणूनच तो वर्गात यावयास हवा.

तिसरे प्रात्यक्षिक अनिश्चित उत्तराचे आहे. शुल्क भरण्यासाठी प्रवेशप्रणाली बँकेच्या पेमेंट गेटवेला विनंती पाठविते आणि ठरलेल्या वेळेत उत्तर येत नाही. पैसे वळते झाले की नाही? प्रणालीला ते ठाऊक नाही. ‘झाले नाही’ असे गृहीत धरून पुन्हा विनंती पाठविल्यास विद्यार्थ्याचे शुल्क दोनदा कापले जाऊ शकते. ‘झाले’ असे गृहीत धरल्यास शुल्क न भरताच प्रवेश मिळतो. महाविद्यालयाच्या डेटाबेसमधील ट्रँझॅक्शन बँकेच्या डेटाबेसपर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक भरण्याला आधीच स्वतंत्र क्रमांक देणे, त्या क्रमांकाची विनंती दोनदा गेली तरी परिणाम एकदाच व्हावा अशी रचना करणे, ‘प्रलंबित’ ही तिसरी स्थिती मान्य करणे आणि नंतर गेटवेकडे चौकशी करून ती मिटविणे, हे उपाय योजावे लागतात. हा प्रश्न इतका व्यावहारिक आहे की, भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढून, खात्यातून रक्कम गेली पण विक्रेत्याला खात्री पोहोचली नाही अशा ऑनलाइन कार्ड-व्यवहारांत ती पाच दिवसांत परत करण्याचे आणि उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचे बंधन घातले. पुस्तकातील अपवाद हाताळणीचे प्रकरण अशा प्रसंगाशी जोडले की त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

या तीन प्रात्यक्षिकांना चौथा मुद्दा जोडणे आवश्यक आहे, तो देखभालीचा. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन संस्थेची माहिती २०१७ मध्ये चोरीस गेली आणि सुमारे १४.७ कोटी लोक त्यामुळे बाधित झाले. हल्लेखोरांनी वापरलेला दोष ‘अपाची स्ट्रट्स’ या जावा वेब चौकटीतील होता. त्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. हल्लेखोर आत शिरले मे महिन्यात. संस्थेच्या प्रोग्रॅमरांनी स्वतः लिहिलेल्या ओळींत हा दोष नव्हता. दुसऱ्याकडून घेतलेल्या ओळींवर लक्ष ठेवले गेले नाही, हा दोष होता. एंटरप्राइज ॲप्लिकेशन सुपूर्द केल्यावर संपत नाही, ही जाणीव विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात मिळावी.

आक्षेप आणि मर्यादा

प्रश्नापासून आरंभ करण्याच्या पद्धतीवर काही आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. पहिला आक्षेप परीक्षेचा. प्रश्नपत्रिकेत ‘सर्व्लेटचे जीवनचक्र आकृतीसह स्पष्ट करा’ असा प्रश्न येणार असेल तर अध्यापकाने प्रात्यक्षिकांत वेळ का घालवावा? या आक्षेपाचे उत्तर अंशतःच देता येते. पहिल्या प्रात्यक्षिकानंतर जीवनचक्र समजावून देणे सोपे होते, कारण ‘एकच प्रत, अनेक थ्रेड’ ही गोष्ट विद्यार्थ्याने पाहिलेली असते. तथापि प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलल्याशिवाय हा ताण पूर्णपणे नाहीसा होणार नाही, हे मान्य करावे लागते.

दुसरा आक्षेप नोकरीचा. मुलाखतीत स्प्रिंग, हायबरनेट यांची नावे विचारली जातात. नामावली टाकून द्यावी असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे नाही. तिचा क्रम बदलावा एवढेच म्हणणे आहे. आवृत्ती क्रमांकाचे कुलूप ज्याने स्वतः लिहून पाहिले आहे, त्याला हायबरनेटमधील त्याच नावाची सोय एका वाक्यात समजते. उलट क्रमाने शिकलेला विद्यार्थी ती सोय वापरतो, पण ती केव्हा अपुरी पडेल हे सांगू शकत नाही.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीचा. ग्रामीण भागातील, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हा विषय आधीच जड जातो; त्यात मोडलेल्या प्रोग्रॅमपासून सुरुवात केली तर तो गोंधळेल, अशी भीती व्यक्त केली जाते. प्रत्यक्षात आद्याक्षरांची इंग्रजी ओळ त्याला अधिक परकी असते. एका जागेवर दोन प्रवेश आणि दोनदा कापलेले शुल्क हे त्याच्या परिचयाचे जग आहे. त्याची चर्चा त्याच्या भाषेत करता येते आणि तांत्रिक संज्ञा नंतर देता येतात. ज्याच्या घरी संगणक नाही आणि ज्याला आठवड्यातून मोजक्याच तासिका प्रयोगशाळा मिळते, त्याचा वेळ अल्पायुषी ज्ञानावर खर्च करणे हे अधिक अन्यायाचे आहे. शहरातील विद्यार्थी जुने झालेले ज्ञान शिकवणीवर्गातून नवे करून घेऊ शकतो. याला ती सोय नसते.

अलीकडच्या काळाने या चर्चेत आणखी एका मुद्द्याची भर घातली आहे. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने सर्वांच्या हाती आली आणि सर्व्लेट, कंट्रोलर किंवा डेटाबेसशी जोडणीचा साचेबंद प्रोग्रॅम क्षणार्धात लिहून मिळू लागला. नामावलीवर आधारलेल्या अध्यापनाने जे कौशल्य घडविले जात होते त्याचा मोठा भाग आता यंत्र करते. तयार होऊन आलेल्या प्रोग्रॅममध्ये शेवटची जागा दोघांना तर दिली जात नाही ना, हे पाहण्याचे काम मात्र माणसाकडेच राहते. ते पाहता येण्यासाठी तो प्रश्न एकदा तरी भेटलेला असावा लागतो.

समारोप

एंटरप्राइज वेब प्रोग्रॅमिंगचा परिचय करून देताना अध्यापकाला कोणत्या चौकटीपासून सुरुवात करावी हा प्रश्न पडतो, आणि दर काही वर्षांनी त्याचे उत्तर बदलते. कोणत्या अडचणीपासून सुरुवात करावी, हा प्रश्न विचारला तर उत्तर बरेच स्थिर राहते. सामायिक माहिती, एकाच वेळी येणारे वापरकर्ते, खात्री न देणारे नेटवर्क आणि दीर्घकाळ करावी लागणारी देखभाल या चार गोष्टी जे२ईईच्या काळी होत्या आणि जकार्ता ईईच्या काळीही आहेत.

यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. आहे त्याच अभ्यासक्रमातील पहिल्या तीन तासिका आणि पहिले तीन प्रयोग यांचा क्रम बदलणे विभागाच्या हाती असते. प्रात्यक्षिकांच्या वहीत ‘प्रोग्रॅम यशस्वीपणे चालला’ हे वाक्य विद्यार्थी नेहमी लिहितात. ‘दोन ब्राउझर उघडल्यावर प्रोग्रॅम चुकला, तो याकारणाने’ असे वाक्य त्यांनी पहिल्या प्रयोगाखाली लिहावे आणि त्यासाठी त्यांना पूर्ण गुण मिळावेत, एवढा बदल झाला तरी या विषयाचा प्रारंभ योग्य दिशेने झाला असे म्हणता येईल.